माझ्या कोंबड्या ना उलट्या आहेत

गाडीतून चार माणसं उतरली आणि चौघांचीही तोंडं बांधलेली होती. हातात रबरी मोजे, पायांत गुडघ्यापर्यंत बूट, आणि सर्वांत मागच्याच्या खांद्यावर चुन्याची गोणी. मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. पहिल्यांदा वाटलं, मधाचं पोळं काढायला आलेत. आमच्या डोंगरात असे लोक अधूनमधून येतात.

पुढे होता तो उंच, तरुण, चष्म्याच्या काचांवर वाफ धरलेली. तो अंगणाच्या बाहेरच थांबला.

"ठकूबाई धुळा झोरे आपणच का? दवाखान्यात अर्ज आपणच केला होता?"

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात मी एकच अर्ज केला होता आणि तो वाचून सरकार गाडी घेऊन दारात आलं होतं. मी पदर सारखा केला.

"व्हय, मीच. माझ्या हातानं लिवला."

"मग उलट्या आहेत, हे खरं?"

"खरं म्हंजी? अख्ख्या खोऱ्यात दुसऱ्या कुणाकडं न्हाईत."

त्यानं बरोबरच्यांकडे पाहिलं आणि वही उघडली. कधीपासून आहेत, असं विचारलं. मी सांगितलं, माझ्या सासूच्या सासूपासून. लिहिता लिहिता त्याचं पेन थांबलं.

"म्हणजे जन्मापासूनच?"

"जन्मताना न्हाई. अंड्यातनं निघत्यात तवा सुलटीच दिसत्यात. धा-पंधरा दिस गेलं की मग उलट्या सुरू."

"सगळ्या पिल्लांत?"

"न्हाई ना. तीच तर माझी तक्रार हाय. सगळ्या उलट्या असत्या तर तुमास्नी कशाला बोलावलं असतं?"

मागच्यानं चुन्याची गोणी हळूच खाली ठेवली. डॉक्टर एक पाऊल मागे सरला आणि त्यानं आवाज बारीक करून विचारलं, "घरातल्या माणसांपैकी कुणी?"

मी थोडा विचार केला. सरकारी माणसाशी खोटं बोलू नये.

"आमचं मालक जरा हायेत," मी म्हणाले.

तेही त्यानं लिहून घेतलं.

आता आमच्या कोंबड्यांबद्दल सांगायला हवं. साध्या कोंबडीची पिसं अंगाला चिकटून, शेपटीकडे वळलेली असतात. आमच्या कोंबड्यांची पिसं टोकाशी वळून डोक्याकडे तोंड करून उभी राहायची, वाऱ्यात छत्री उलटी व्हावी तशी. लांबून पाहणाऱ्याला वाटे, कुणीतरी पिंजलेला कापूस अंगणात सोडला आहे आणि तो दाणे टिपतो आहे. आमच्या एकुलत्या एका कोंबड्याचं नाव म्हणूनच पिंजारी पडलं होतं. पिंजाऱ्याला उडता येत नसे. पावसात भिजला की तो निम्मा होई, आणि ऊन पडलं की पुन्हा पाटलासारखा फुगून हिंडे. उलट्या पिसाची कोंबडी अंगणात असली की कुणी केलेली करणी उलटून जाते, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे तीन-तीन डोंगर ओलांडून लोक आमच्या वाडीत येत आणि एखादी तलंग, म्हणजे अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी, पाळायला घेऊन जात.

कोंबडा मागणारेही येत. कुणा देवऋषीनं उताऱ्याला उलट्या पिसाचंच कोंबडं सांगितलेलं असे. पण कोंबडा आम्ही कुणालाच दिला नाही. त्यालाही कारण होतं. माझी सासू वारली त्याच्या आदल्या दिवशी तिच्या तोंडात दातही नव्हते आणि जोरही नव्हता. तरी तिनं मालकांचा हात धरून दोनदा सांगितलं, "कोंबडं आडवू नगा." मालक आईला फार मानत. कोंबडं आडवं करायचं नाही, म्हणजे कापायचं नाही, हा आईचा शेवटचा शब्द, असं त्यांनी धरलं. त्या दिवसापासून आमच्या घरात कोंबडा कापला गेला नाही. जावई आला तरी त्याच्या ताटात सुकट. जास्तीचे कोंबडे आठवड्याच्या बाजारात जात. तिथं पुढे त्यांचं काय होतं ते मालक बघत नसत.

सासूनं जाण्याआधी वाटणी करून दिली होती. जमीन निम्मी-निम्मी झाली, भांडीही निम्मी-निम्मी झाली. कोंबड्यांची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, उलट्या थोरलीला, सुलट्या धाकटीला. थोरली मी. धाकटी माझी जाऊ भागू. तिचा नवरा मुंबईला माथाडी कामाला, आणि तिचं घर माझ्या घरापासून हाकेच्याही अलीकडे. आमच्या खुराड्याला लागूनच तिच्या म्हशीचा खुंटा होता.

भागूच्या वाट्याला आलेल्या कोंबड्यांत लाल्या नावाचा एक कोंबडा होता. अगदी साधा, कुणी दुसऱ्यांदा मान वळवून बघू नये असा. पण त्याचं सगळं लक्ष आमच्या अंगणात. पहाट झाली की तो इकडे, आणि दिवे लागायच्या सुमाराला भागू हाका मारमारून त्याला तिकडे नेई. आमच्याकडे सुलटी पिल्लं निघाली की मी लाल्याच्या नावानं बोटं मोडत असे. दोन वर्षं हे चाललं. मग मालक एका जत्रेत बकऱ्यांच्या व्यापाऱ्याशी बोलून आले आणि त्यांच्या डोक्यात जात शिरली. जात राखायची तर सोयरीक आपल्यातच झाली पाहिजे, बाहेरचं पाणी नको. त्यांनी आमच्याकडच्या सगळ्या सुलट्या कोंबड्या विकून टाकल्या, कारवीच्या काठ्यांचा पुरुषभर उंच कूड उभा केला, वरून मासे धरायचं जुनं जाळं ताणलं, आणि लाल्याचं येणं बंद झालं.

त्याच दिवशी भागूनं माझ्याशी बोलणं बंद केलं.

बंद म्हणजे तोंडावर बंद. दहा हातांवर राहणाऱ्या दोन बायकांना काही न बोलता दिवस काढता येत नाही. मग आम्ही भुरीशी बोलू लागलो. भुरी म्हणजे भागूची म्हैस. कुडाच्या पलीकडून भागू म्हणे, "भुरे, काही मानसं सोताला लई शानी समजत्यात." इकडून मी कोंडा पाखडता पाखडता म्हणे, "भुरे, काहींच्या कोंबड्याला वळण न्हाई, मग मालकिनीला कुठनं असायचं?" गावात लग्न कुणाचं, पाणी कधी सुटणार, कुणाची सून माहेरी गेली, हे सगळं दोन वर्षं आम्ही एकमेकींना भुरीच्या मार्फत कळवलं. भुरी दोघींकडे आळीपाळीनं बघत रवंथ करी. मला वाटतं, त्या काळात आमच्या वाडीची सगळी बातमी असलेली ती एकटीच होती.

कूड झाला आणि आमच्या पिल्लांचं नशीब फिरलं. अंडी उबवली जात, पिल्लं निघत, पण चारांतलं एक असं निघे की त्याच्या अंगावर पीस ठरतच नसे. कोंब फुटायचा, वळायचा, काडीसारखा मोडून पडायचा. महिन्याभरात ते पिल्लू सोललेल्या वांग्यासारखं दिसू लागे आणि थंडीत कुडकुडून मरे. आणि सुलटी पिल्लं निघायची ती निघतच होती. मालकांना वाटे, कुडाला कुठेतरी भोक आहे. रोज सकाळी ते कूड तपासत आणि तो आणखी उंच करत. मला वाटे, भागूची नजर लागली. मी हे भुरीला बोलूनही दाखवलं. पलीकडून उत्तर आलं, "भुरे, नजर लावायला बघावं लागतं. त्या पडद्याआडनं मला दिसतंय काय?"

दुसरी थंडी गेली तेव्हा तीन कोंबड्या आणि पिंजारी एवढेच उरले. मुंगसानं एक तलंग त्याआधीच नेली होती. आणखी एक असा हिवाळा आला असता तर सासूच्या सासूपासून चालत आलेली ती पिसं आमच्या हातात संपली असती. मला झोप लागेना.

त्याच वर्षी वाडीत मोठ्या माणसांचा साक्षरतेचा वर्ग निघाला होता. शाळेच्या बाई दुपारी मारुतीच्या देवळात शिकवत. मी गेले. भागू आली नाही. तिनं भुरीला सांगितलं, की या वयात पाटी धरायची म्हणजे म्हातारीनं झोपाळ्यावर बसण्यातला प्रकार. मी सात महिन्यांत लिहायला शिकले. बाईंनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती: घाबरायचं नाही, तोंडानं जसं बोलतो तसंच कागदावर उतरवायचं. म्हणून एके दिवशी मी बसले आणि जनावरांच्या दवाखान्याच्या साहेबांना, मी त्यांच्यासमोर उभी राहून जसं बोलले असते, अगदी तसं लिहिलं. बाईंना दाखवलं नाही. मालकांनाही सांगितलं नाही. एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती पाकीट दिलं.

आणि आता दारात गाडी होती.

डॉक्टरचं नाव रणखांबे होतं. नवीनच नोकरीला लागलेला, बोलायला नरम. त्याच्याबरोबर मुळीक म्हणून एक जुने पर्यवेक्षक होते. त्यांचा चेहरा असा, की कुठल्याही गोष्टीचा निकाल त्यांना जेवणाआधी लागलेला हवा. त्यांनी मला समजावलं. शेजारच्या जिल्ह्यात कोंबड्यांची साथ आहे. माझ्या अर्जावरून इथंही तीच दिसते. दोन पक्षी तपासणीला न्यावे लागतील, त्यातला एक नर. मोठ्या गावाला पाठवायचे म्हणजे जिवंत पाठवता येत नाहीत. तपासणीत दोष निघाला तर वाडीतल्या एकूण एक कोंबड्या खड्ड्यात जातील. चुना त्यासाठी आणला होता, पुन्हा फेरी नको म्हणून.

नर म्हटल्यावर मी खुराड्याकडे बघितलं. नर एकच होता.

तेवढ्यात आमचे मालक रानातून आले. अंगणात मोजे घातलेली माणसं बघून त्यांनी टोपी काढली. मी अर्ज केला होता, हे त्यांना मुळिकांकडून कळलं. ते माझ्याकडे असे बघत राहिले जणू मी गुपचूप दुसरा संसार मांडला होता. मग त्यांनी मुळिकांना सांगितलं, की पिंजारी द्यायचा नाही. आईचा शब्द आहे, आमच्या घरात कोंबडं आडवं होत नाही.

"तुमी न्हाई करायचं," मुळीक म्हणाले, "आमी गाडीत करू."

डॉक्टरनं मालकांना नीट न्याहाळलं आणि हळू आवाजात विचारलं, की त्यांना आता बरं वाटतंय का, पोटात काही राहतंय का. मालक म्हणाले, सकाळी भाकरी खाल्ली ती राहिलीये. मला काहीच उमजेना.

आम्ही खुराड्याकडे गेलो. मुळिकांनी दार उघडलं. आत तीन कोंबड्या होत्या आणि कोपऱ्यात एक उघडंबोडकं पिल्लू. पिंजारी नव्हता. मालक गुडघ्यावर बसून कूड चाचपू लागले. भुरीच्या खुंट्याजवळ दोन काठ्यांची गाठ सुटलेली होती. काठ्या उसवून कुणीतरी आत हात घातला होता.

मुळीक म्हणाले, माल लपवणं हा गुन्हा आहे, आणि मी सगळ्या देवांची शपथ घेतली की मी लपवलेला नाही. मग पाचही पुरुष आणि मी अशी वरात भागूच्या अंगणात गेली. दोन वर्षांनी मी तिच्या अंगणात पाय ठेवत होते.

भागू कोंबड्या झाकायच्या एका पालथ्या डालग्यावर बसून घेवडा सोलत होती. तिच्या मांडीवरच्या सुपात काळे-पांढरे दाणे मिसळलेले होते. तिनं वर बघितलं नाही. मुळिकांनी तिला ओळखलं. मघाशी गाडी आधी तिच्याच दारात थांबली होती, आणि कोंबड्या मरतात ते घर कुठलं, हे तिनंच बोट करून दाखवलं होतं. त्यांनी विचारलं, इकडे एक उलट्या पिसांचा कोंबडा आलाय का.

"भुरे," भागू म्हशीकडे बघून म्हणाली, "आपल्याकडं कुनाचं कोंबडं येतंय? हितं तर कूड हाय."

आणि तिच्या खालून पिंजारी आरवला.

पिंजारी आरवायचा तेव्हा एका आरवण्यावर थांबत नसे. डालग्यातून तीन वेळा स्पष्ट बांग आली. भागू तिन्ही वेळा खोकली, पण दर वेळी जरा उशिरा.

"हे काय?" मुळीक म्हणाले.

"लाल्या हाय माजा. अंड्यावर बसवलाय."

"कोंबडा अंड्यावर?"

"आमच्याकडं बसतो," भागू म्हणाली. त्याच वेळी लाल्या परसातून चालत आला, सगळ्यांच्या मधे उभा राहिला आणि त्यानं मान वर करून मालकिणीला बघून घेतलं.

तेव्हा डॉक्टर रणखांब्यांनी तोंडावरचं फडकं पहिल्यांदा खाली केलं. त्यांना हसू आवरत नव्हतं. ते म्हणाले, मावशी, जरा उठा, मला फक्त बघू द्या, मी नेणार नाही. भागू उठली. डालगं उचललं तसा पिंजारी बाहेर आला, अंग झाडून फुगला, आणि गोळा होऊन डॉक्टरांच्या बुटांसमोर उभा राहिला. डॉक्टरांनी वाकून त्याच्या पिसांतून बोट फिरवलं. मग त्यांनी खिशातून माझा अर्ज काढला, एकदा कागदाकडे, एकदा कोंबड्याकडे बघितलं आणि कागद माझ्या हातात दिला.

"हे तुम्ही मला वाचून दाखवा. तुम्ही लिहिलंय तसं."

भागूसमोरच मी वाचलं, बोलल्यासारखं, थांबत थांबत.

"साहेब. माझ्या कोंबड्या ना, उलट्या आहेत. पिल्लं उघडी पडतात. मग मरतात. काय ते येऊन बघा."

"तो 'ना'," डॉक्टर म्हणाले, "आपण बोलताना म्हणतो ना, तो 'ना' आहे?"

"मग दुसरा कुठला?"

त्यांनी तो कागद मुळिकांना दाखवला. मुळिकांनी वाचला, बराच वेळ वाचला. "आमी कोंबड्यांना उलट्या असं वाचलं," ते म्हणाले. "आवक क्रमांक टाकताना कारकुनानं अनुस्वारपन दिला वर. चुकलाय म्हनून."

डॉक्टर म्हणाले, की कोंबडी कधी ओकत नाही, हे कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात, आणि ते आदल्या दिवसापासून पुस्तकात शोधत होते की हा कुठला नवा रोग. भागू माझ्याकडे पाठ करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. मग ती भुरीच्या गळ्यात हात टाकून तिच्या कानात काहीतरी म्हणाली. काय, ते मला आजही माहीत नाही.

पण उघड्या पिल्लांचा प्रश्न राहिलाच होता. डॉक्टर अंगणात मांडी घालून बसले, भागूचं सूप पुढे ओढलं आणि त्यातून एक काळा आणि एक पांढरा दाणा उचलला. पिंजाऱ्याच्या अंगात, ते म्हणाले, असे दोन दाणे आहेत, एक उलट्या पिसाचा आणि एक सुलट्याचा. तुमच्या तिन्ही कोंबड्यांच्याही अंगात तसेच. पिल्लू बापाकडून एक घेतं, आईकडून एक घेतं. एक काळा, एक पांढरा आला तर छान उलटं पीस. दोन्ही पांढरे आले तर सुलटं.

"आन दोन्ही काळं आलं तर?" मालकांनी विचारलं. "मग तर लई भारी उलटं व्हायला पायजे."

"होतं. इतकं उलटं होतं की पीस टिकत नाही. तुटून पडतं." त्यांनी दोन काळे दाणे उघड्या जमिनीवर बाजूला ठेवले. "चारांत एक असं निघणारच. कुणाची नजर नाही, कुणाचा दोष नाही. उलट्याची जोडी सुलट्याशी लावली, की दोन काळे कधी एकत्र येत नाहीत. निम्मी पिल्लं उलटी, निम्मी सुलटी, उघडं एकही नाही. तुमच्याकडे पूर्वी उघडी पिल्लं निघायची?"

मी म्हणाले, क्वचित कधीतरी एखादं.

"मग वाढली कधीपासून?"

मी मालकांकडे पाहिलं. मालक कुडाकडे बघत होते.

"दोन वर्सं," मी म्हणाले.

"त्याआधी जवळपास एखादा साधा कोंबडा असायचा का?"

लाल्या डॉक्टरांनी बाजूला ठेवलेले दोन काळे दाणे टोचून बघत होता.

मुळिकांना घाई होती. आलेला अर्ज असाच बंद होत नाही, म्हणून त्यांनी माझ्याकडून दुसरा लिहून मागितला. मी ओट्यावर बसून लिहिलं: माझ्या कोंबड्यांना उलट्या नाहीत. माझ्या कोंबड्या उलट्या आहेत. आमच्या मालकांनाही उलट्या नाहीत. मुळिकांनी तो वाचला आणि डॉक्टरांना म्हणाले, साहेब, हा वर पाठवला तर आपली बदली होईल. डॉक्टरांनी तो घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला. दप्तराला त्यांनी आपलं काहीतरी वेगळं लिहिलं. जाताना त्यांनी मला पेन्सिलीनं एक छोटी शेपटी काढून दाखवली, स्वल्पविराम. बोलताना जिथं श्वास घेता तिथं ही द्यायची, म्हणाले. गाडी उताराला लागली तशी तिच्या मागून चुन्याची धूळ उडत राहिली.

आम्ही तिघं अंगणात उरलो. पिंजारी भागूच्या पायाशी होता. मला तिला विचारायचं होतं, आणि भुरी जवळच उभी होती, पण त्या वेळी म्हशीला मधे घालणं मला जमलं नाही.

"भागू," मी म्हणाले, "तू पिंजाऱ्याला का गं लपवलंस?"

तिनं सुपातला घेवडा सारखा केला.

"सासूबाईंचा शब्द व्हता," ती म्हणाली. "त्या मलाबी सांगून गेल्या व्हत्या. कोंबडं आडवू नगा. आज नर न्हेनार असं कुडाआडनं ऐकलं, मग कसं न्हेऊ द्यायचं?"

"तेच मी सांगत व्हतो त्यास्नी," मालक म्हणाले. "आई म्हनली व्हती, कोंबडं आडवं करू नगा."

भागूनं मालकांकडे पाहिलं. दिराशी, त्यातून थोरल्या दिराशी, मान वर करून बोलायची आमच्यात रीत नाही. पण त्या दिवशी ती बोलली.

"आडवं न्हवं, दादा. आडवू. हिकडनं तिकडं जायला आडवू नगा, म्हनल्या त्या. कोंबडंच गाडीत गेलं तर मग जायाचं कुनी? तवाच तर उलट्या तुमास्नी दिल्या आन सुलट्या मला. मी चार येळा भांडले त्यांच्याशी, थोरलीला चांगलं आन मला उरलंसुरलं का म्हनून. तर म्हनल्या, येडे, हिचं तुज्याबिगर चालायचं न्हाई आन तुजं हिच्याबिगर. दोन वर्सं लाल्या आला-गेला, मी काई बोलले का? तुमी कूड घातला तवा म्हटलं, ह्यांनी आईचा शब्द मोडला, आता मी कशाला तोंड बगू ह्यांचं."

आईच्या शब्दाखातर मालकांनी चार वर्षं ताटात सुकट खाल्ली होती, आणि तोच शब्द स्वतःच्या हातानं बांधून काढला होता, पुरुषभर उंच, वर जाळं ताणून. ते कुडापाशी गेले आणि एकेक गाठ सोडू लागले. कारवीच्या काठ्या एकमेकींवर पडत गेल्या. सगळा कूड खाली आला तेव्हा दोन्ही अंगणं एकदम केवढी तरी मोठी दिसली.

लाल्या मात्र मोकळ्या जागेशी येऊन थबकला. एक पाय उचलून तो तसाच उभा राहिला. दोन वर्षं तो इथं येऊन डोकं आपटून गेला होता.

"जा की रं," भागू म्हणाली. "आता काय पत्रिका देऊ तुला?"

मी हसले. मग ती हसली. ती माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि आम्ही दोघी मिळून राहिलेला घेवडा सोलला. कुणाची सून माहेरी गेली, कुणाचं लग्न ठरलं, सगळं पुन्हा पहिल्यापासून बोललो, कारण म्हशीला सांगितलेल्या गोष्टींत पुष्कळ गाळलेलं होतं. भागूनं विचारलं, ती शेपटी कशी काढायची, आणि मी तिला राखेत बोटानं काढून दाखवली.

त्या वर्षी लाल्याकडून चौदा पिल्लं निघाली. आठ उलटी, सहा सुलटी, उघडं एकही नाही. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी मला आठवते ती भुरी. अंधार पडेपर्यंत ती खुंट्याला उभी राहून आमच्या ओट्याकडे बघत हंबरत होती. भागू दोनदा उठून तिला पाणी दाखवून आली, वैरण टाकून आली. तिनं तोंड लावलं नाही.

दोन वर्षांत पहिल्यांदाच तिच्याशी कुणी बोललं नव्हतं.